बिनसहीची चिठ्ठी

२७ मे, मंगळवार

पहाटे पाचला पुन्हा तो बकरा! खालच्या परकारांनी नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बांधलाय. बकरी ईदला अजून अकरा दिवस, म्हणजे तोवर रोज हेच. डोळ्याला डोळा नाही, वर लेंड्यांचा वास. डोकं भणाणलं. उठले, एक चिठ्ठी लिहिली आणि सोसायटीच्या तक्रारपेटीत टाकून आले. सही केली नाही — शेजाऱ्यांशी उगाच वाकडं कशाला!

खोटं कशाला लिहू, टाकल्यावर बरं वाटलं.

२८ मे, बुधवार

चारला जिन्याच्या पायऱ्यांवर आम्ही तिघी, नेहमीसारख्या. तिसऱ्या मजल्यावरची रेजिना लोपीस, पहिल्या मजल्यावरची रुकय्या परकार आणि मधली मी. एकवीस वर्षं इथेच भाजी निवडतोय. त्या दोघींचं देवाधर्मावरून जुंपतं आणि मी ऐकते. भांडण नव्हे, त्यांची ती करमणूक आहे.

काल बकऱ्याने रेजिनाची खाली अंगणात लावलेली शेवंती फस्त केली तेव्हा तिने बिल्डिंग डोक्यावर घेतली होती. आज राग ओसरलेला, पण टोमणा शिल्लक. "आमच्या देवाला बकरा लागत नाय गो! त्याने स्वतःचाच मुलगा दिला, सगळ्यांच्या पापासाठी, एकदाच. विषय संपला."

रुकय्या म्हणाली, "एकाचं पाप दुसऱ्याने कसं उचलायचं? ज्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर. आणि आमचा बकरा पापासाठी नसतोच मुळी. रक्त-मांस अल्लापर्यंत पोचत नाय, मन पोचतं. म्हणून तर अब्बा आधी आणून हाताने पाला चारतात. कापायचं दुसरीकडे, परवानगीच्या जागी, पण आधी जीव लागला पाहिजे. ज्यात जीव लागला नाय ते देऊन काय मोठं केलंस?"

अब्बा म्हणजे तिचे सासरे. चौऱ्याऐंशी वर्षांचे, रत्नागिरीकडे शाळामास्तर होते. पुढे गाडी जन्मजात पापावर गेली. रेजिनाच्या मते माणूस डाग घेऊनच जन्मतो. रुकय्या उसळली, "बाळाला कसला डाग! बाळ साफ येतं. घाण आपण करतो नंतर."

मी गवार मोडत राहिले. चिठ्ठी आठवत होती.

१ जून, रविवार

सोसायटीची मीटिंग. चेअरमन चंद्रप्रकाश यांनी चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. मला वाटलं होतं, बघतील आणि परकारांना बाजूला घेऊन सांगतील.

"ही सोसायटी आहे, खाटीकखाना नाही. ज्यांना जनावरं बाळगायची त्यांनी जनावरांतच जाऊन राहावं."

हे मी लिहिलं? मीच! लिहिताना हात जराही अडखळला नव्हता.

अब्बा पहिल्या रांगेत बसले होते. शेवटपर्यंत ऐकलं. मग काठी टेकत उठले. "बकरा उद्या पाठवतो. तुम्हाला त्रास झाला, माफ करा," म्हणाले आणि गेले.

माफी त्यांनी मागितली! आणि सगळ्यांच्या माना वळल्या त्या रेजिनाकडे. शेवंतीवरून तिनेच आरडाओरडा केला होता ना. ती म्हणत होती, "मी नाय लिवलं, येशूची शपथ." कुणी ऐकलं नाही. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते.

२ जून, सोमवार

टेम्पो आला. बकरा मुंब्र्याला गेला, रुकय्याच्या भाच्याकडे. अब्बा बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मी खिडकी लावून घेतली.

३ जून, मंगळवार

चारला जिन्यात कुणी नाही. मग रुकय्याच माझ्याकडे आली आणि रडली. "रेजिनाने असं लिहावं? तोंडावर सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?"

मी म्हटलं, "जाऊ दे गं."

तिने नाही लिहिलं — तीन शब्द. तेवढेही तोंडातून फुटले नाहीत. चहा मात्र करून पाजला.

७ जून, शनिवार

आज ईद. दरवर्षी आजच्या दिवशी मटणाचा वाटा घरी येतो. एक हिस्सा गरिबांना, एक नातलग-शेजाऱ्यांना, एक घरात, अशी त्यांची रीत. एकवीस वर्षं मी त्याला वाटण लावून रस्सा भुरकलाय! तेव्हा नाही आठवला खाटीकखाना?

संध्याकाळी गावाहून दत्तारामदादाचा फोन. गावच्या वेशीवरच्या देवाला, राखणदाराला कोंबडा दिला, तुझ्या नावाने गाऱ्हाणंही घातलं, म्हणाला. मी म्हटलं, बरं केलंस. फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आपला तो राखणदार, आणि दुसऱ्याचं ते जनावर! लाज वाटते स्वतःची.

१० जून, मंगळवार

रेजिनाकडे गेले. आठ दिवसांत वाळल्यासारखी झालीय. बिल्डिंगमधलं कुणी धड बोलत नाही तिच्याशी. मी आडून विचारलं, "तुमच्यात पाप फिटतं कसं गं?"

"फेडलंय ते येशूने. आपण फक्त तोंड उघडायचं. फादरपुढे जायचं, खरं सांगायचं."

"आणि ज्याचं वाईट केलं, त्याचं काय?"

"आधी त्याच्याकडे जायचं. देवापुढे दान घेऊन आलास आणि आठवलं की कुणाचं तरी मन दुखवलंय, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. लिहिलंय तसं." मग माझ्याकडे बघून, "का गो?"

"असंच," म्हटलं.

१३ जून, शुक्रवार

आज रुकय्याला तेच विचारलं. ती म्हणाली, "मनापासून तौबा केली की अल्ला माफ करतो. मध्ये फादर-बिदर कोण लागत नाय. पण माणसाचं केलेलं माणसानेच माफ करायचं. तिथे अल्लापण थांबतो."

कमालच आहे! इतकी वर्षं दोघींचं एका बाबतीत जमलं नाही. एक म्हणते, दुसऱ्याने भरलंय. दुसरी म्हणते, ज्याचं त्यानेच भरायचं. आणि शेवटी दोघी मला आणून सोडतात एकाच दारात, अब्बांच्या. मला तिसरी वाट हवी होती. देवापुढे नारळ ठेवला. काय मागायचं तेच सुचेना.

१५ जून, रविवार

नाही गेले.

१६ जून, सोमवार

गेले. पहिल्या मजल्यापर्यंत. आतून अब्बांच्या खोकल्याचा आवाज आला आणि परत फिरले. वर येऊन घरातला एकूण एक डबा घासला.

२२ जून, रविवार

चारला जिन्यातून हसण्याचा आवाज! बघते तर दोघी शेजारीशेजारी. रेजिना चहा टाकायला वर गेली तेव्हा रुकय्याने सांगितलं. सकाळी चर्चमधून रेजिना थेट अब्बांपुढे जाऊन उभी राहिली. "चिठ्ठी मी लिवली, माफ करा," म्हणाली. अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माफ केलं म्हणाले.

रेजिनाच्या मागोमाग वर गेले. "का सांगितलंस असं? तू नाही लिहिलीस!"

"तुला काय ठाऊक?"

मी कप विसळायला घेतले.

तिने उकळत्या आधणात चहापत्ती टाकली. मग म्हणाली, "ज्याने लिवली त्याचं तोंड काय उघडत नाय. तोवर मी मैत्रीण घालवून बसू? म्हातारा माणूस मनात सल घेऊन बसलाय. मी घेतलं माझ्यावर. जो कोण असेल तो सुटला. खोटं बोलले ते फादरना सांगेन." आणि हसली.

सुटले का मी? रेजिनाचं खरं मानलं तर सुटले. रुकय्याचं खरं मानलं तर ओझं जिथल्या तिथे आहे. आणि मला मनातून पाहिजे होतं की रेजिनाचंच खरं असावं. पण तिचा येशू आपल्या राजीखुशीने गेला म्हणतात. रेजिनाला तर आधी मी ढकललं, तीन आठवडे तसंच ठेवलं, मग ती स्वतःहून पुढे झाली. तिच्या देवावर तरी हे कसं ढकलू?

२६ जून, गुरुवार

चार दिवस गाढ झोप लागतेय. हे लिहितानाही शरम वाटते.

१ जुलै, मंगळवार

अब्बांना धाप लागतेय. डॉक्टर घरी येऊन गेले. वयच झालंय, म्हणाले. कसलाही दोष न लागता निसटायची चांगली संधी चालून आलीय — हा विचार माझ्याच डोक्यात आला. किती हलकट असतं माणसाचं मन! उद्या सकाळी जाणार. काहीही होवो, जाणार.

२ जुलै, बुधवार

त्यांच्याकडे रत्नागिरीची पाहुणेमंडळी. इतक्या लोकांत कसं बोलायचं? उद्या.

३ जुलै, गुरुवार

अब्बा पहाटे गेले.

५ जुलै, शनिवार

माणसाचं केलेलं माणसानेच माफ करायचं. तो माणूसच राहिला नाही. माझ्या चुकीची माफी त्यांनी दिली होती, पण ती रेजिनाला. मी मागितली कुठे?

९ जुलै, बुधवार

रुकय्याला सगळं सांगितलं. तिने अडवलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाली, "ठाऊक आहे. चिठ्ठी टाकताना अब्बांनी तुला बघितलं होतं. रेजिना खोटं बोलतेय हे कळत होतं त्यांना, तिचं मन राखलं. मला शेवटच्या आठवड्यात सांगितलं. मग रोज विचारायचे — सुनंदा आली का?"