जुन्या नकाशावरचा घुमट

परम दयाळू, परम कृपाळू अल्लाहच्या नावाने.

मी, बुरावी बिन खमैस जरीबी, वय छप्पन्न, धंदा विहिरींवरच्या मोटर-पंपांची दुरुस्ती, राहणार बीर लहमर, हवारियाच्या खालचा किनारा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शरीर नाही. पोटातली गाठ आता हाताला लागते. ऑलिव्हचा हंगाम मला दिसेल की नाही हे सांगता येत नाही, असे नाबेलच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे. जन्मभर मोजमाप करणाऱ्या माणसाला 'सांगता येत नाही' हेच जास्त बोचले. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले, त्यांची नोंद खाली योग्य जागी येईल.

पहिले. माझ्या दफनाविषयी अगदी शेवटच्या कलमात लिहिले आहे. ते वाचल्याखेरीज कोणीही कुदळ उचलू नये.

दुसरे. राहते घर, त्यातील सर्व सामान आणि मागची लिंबाची झाडे मी गेल्या वसंतातच माझी पत्नी मन्नूबिया हिच्या नावे करून दिली आहेत. आमच्या कायद्याने वारसाला मृत्युपत्राने काही देता येत नाही, आणि आम्हाला आज मूल नसल्यामुळे उरलेल्याचा मोठा वाटा माझा थोरला भाऊ तिजानी याच्याकडे जाणार. घरासाठी मन्नूबियाला त्याच्या तोंडाकडे बघत बसावे लागू नये, एवढाच हेतू. यात कोणाला कावा दिसत असेल तर तो आहे. घरातून फक्त पाण्याच्या टाक्याचा दगडी काठ वगळला आहे. कारण पुढे येईल.

तिसरे. हत्यारे. चेनपुली, पाइप-पाने, दोन्ही दोरखंड आणि ओळंबा हवारियाच्या नासिफ पंपवाल्याला द्यावा. त्याने माझी चार गिऱ्हाइके पळवली आणि चेनपुली उसनी नेऊन आकडा वाकवून परत आणली. तरीही त्यालाच द्यावी, कारण या किनाऱ्यावर दोराची गाठ नीट मारणारा दुसरा माणूस नाही. आकडा त्याने स्वखर्चाने सरळ करावा.

चौथे. नकाशे. लोखंडी पेटीत फ्रेंचांच्या वेळचे लष्करी नकाशे, जमीनमोजणीचे तक्ते आणि स्वातंत्र्यानंतरची आवृत्ती आहे. त्यांवरून मी खिडकीच्या काचेवर धरून उतरवून घेतलेले पातळ कागदही आहेत. ते घडी घालू नयेत, गुंडाळावेत. आमच्या किनाऱ्याचा वाळूचा दगड हजारो वर्षे कापून समुद्रापलीकडे गेला. कापणारे वरून लहानसे तोंड पाडायचे आणि आत उतरून रुंद होत जायचे, त्यामुळे प्रत्येक खाण रांजणासारखी आहे. वरून पाहाल तर झुडपात लपलेले एक भोक, खाली मशीद मावेल एवढी पोकळी. अशा एकोणतीस खाणी मी शोधून नकाशावर मांडल्या. उजाड खडकावर एकटेच हिरवे अंजिराचे झाड दिसले की खाली माती साचलेले तोंड असते. पाऊस पडून गेल्यावर जिथे डबके साचत नाही, तिथेही बघावे. छिन्नीचे वळ, पाचरींच्या खाचा, दिव्याच्या कोनाड्यातली काजळी हे सगळे आत उतरल्यावर दिसते. मला हे कोणी शिकवले नाही. फ्रेंच अक्षरे मी पंपांच्या माहितीपत्रकांवरून वाचायला शिकलो.

मात्र या खाणी मी हौसेने शोधल्या, असे कोणी म्हणू नये. माझी मुलगी ऊनैसा नऊ वर्षांची असताना, वडिलार्जित जमिनीतल्या माझ्या वाट्याच्या तुकड्यात शेळीमागे धावली आणि पायाखालची जमीन गेली. शेळी काठावर उभी राहून ओरडत होती, म्हणून जागा सापडली. तिथे भोक आहे हे गावात कोणालाच ठाऊक नाही, असे सगळे म्हणाले. मी सगळ्यांवर विश्वास ठेवला.

पाचवे. नकाशांची ही पेटी नाबेलच्या संग्रहालयातील मादाम सौंदस यांना द्यावी. आम्ही दोघे सात हिवाळे मिळून खाणीत उतरलो. बाई दोराला घाबरत नाहीत, डब्यातला भात वाटून खातात आणि खापराचा तुकडा जिभेला लावून वय सांगतात. उत्तरेकडची खाण रोमनांच्या आधीची आहे असे त्या म्हणाल्या, मी नाही म्हणालो. तो वाद मी सोडलेला नाही. पण त्यांच्या छापील अहवालात माझ्याविषयी 'एक स्थानिक माहितगार' असे लिहिले आहे. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "बुरावी, ती लिहायची पद्धत असते."

"पद्धत असेल मादाम, पण मला नाव आहे. बापाचंही आहे. दोन्ही लिहायला अर्धी ओळ लागते."

पुढच्या आवृत्तीत नाव घालण्याचे त्यांनी कबूल केले आहे. ते पूर्ण घालावे, या अटीवरच पेटी द्यावी.

सहावे. तिजानी. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त दिवस लागले.

जुन्या लष्करी नकाशावर ऊनैसा पडली त्या जागी घुमटाची खूण आहे. नव्या नकाशावर नाही. अशा खुणा आणखी पाच ठिकाणी निघाल्या आणि पाचही ठिकाणी खाली खाण निघाली. त्यावरून मला आणि मादामना उलगडा झाला. खाण सोडताना खाणवाले तोंडावर दगडी घुमट चढवायचे, चुना फासायचे आणि हिरवे फडके बांधायचे. आत कोणी पुरलेले नसायचे. पण लोकांना वाटायचे सीदीची, म्हणजे कोणा संताची, कबर आहे, म्हणून तिथे कोणी नांगर घालायचा नाही, घर बांधायचा नाही, मुलांना खेळू द्यायचा नाही. पुढे बायका मेणबत्त्या लावू लागल्या. आमच्या जमिनीतला घुमट खजिना शोधणाऱ्यांनी पाडला, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मग गेल्या हिवाळ्यात टाक्याचा काठ खचला. दुरुस्तीला दगड काढले, तर ते एका बाजूने गोलसर कोरलेले निघाले आणि त्याच बाजूवर चुन्याचे थरावर थर होते. ती बाजू गाऱ्यात दडवलेली होती. तिजानी खांद्यावर त्याचा ससाणा घेऊन माझ्या तब्येतीची चौकशी करायला आला होता. मी विचारले,

"टाक्याचे दगड बाबांनी कुठून आणले होते?"

"दगड आहेत ते. कुठून आणणार? तुझं पोट दुखतंय की डोकं?"

"लपणाऱ्या बाजूला चुना कोण लावतं, तिजानी?"

तो बराच वेळ पाखराच्या पायातली वादी नीट करत राहिला.

"बाबा हजहून आले त्या वर्षी," तो म्हणाला. "कबरी पुजणं पाप आहे म्हणाले. पहाटे जाऊन पाडला. आत कबर नव्हती, हाड नव्हतं. नुसतं भोक. गाढव मी हाकत होतो."

"आणि भोक?"

"ऑलिव्हच्या फांद्या टाकल्या, वर माती ओढली. बाबा म्हणाले, गावाला कळलं तर सीदीचा घुमट पाडला म्हणून आपलं घर जाळतील. तोंड बंद ठेव."

"ऊनैसा पडली तेव्हा बाबा जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हा कोणाला भीत होतास?"

"तेव्हा बोललो असतो तर ती वर आली असती का?"

म्हणजे माझी मुलगी ज्या दगडांच्या अभावी मेली, त्या दगडांवर हात टेकून मी रोज तोंड धूत होतो. बाबांना मी काही विचारू शकत नाही. तिजानीला मी क्षमा केलेली नाही, आणि मरताना सगळ्यांना क्षमा करण्याची जी रीत आहे ती माझ्या तोंडी कोणी घालू नये. त्याला त्याचा कायदेशीर वाटा मिळेल. त्याहून अधिक एक वीटही नाही.

सातवे. तो जमिनीचा तुकडा. हे मृत्युपत्र मी मुख्यतः यासाठीच करत आहे.

माझ्यामागे त्या जागेवर लग्नाचा हॉल बांधण्याचा तिजानीचा बेत आहे. रस्ता जवळ आहे, समुद्र दिसतो. तो मला म्हणाला, "सहा गाड्या खडी टाकली की तुझं भोक बंद. वर स्लॅब. आजारी माणसानं झोपावं, बांधकामात लक्ष घालू नये." त्याने इंजिनिअर आणला आणि त्याला फक्त तोंड दाखवले. खाणीचे पोट मी मोजले आहे. तोंडाच्या पूर्वेची एक कड सोडली तर खाण संपूर्ण तुकड्याखाली पसरली आहे आणि मधोमध छताची जाडी माझ्या हाताच्या लांबीएवढीही नाही. छत पेलायला सोडलेल्या खांबांपैकी दोन कापणाऱ्यांनी जाताना लोभाने कापून खाल्ले आहेत. त्या छतावर दोनशे माणसे ढोल आणि झुकऱ्याच्या सनईवर नाचणार, हा विचार मला गाठीपेक्षा जास्त जागवतो.

म्हणून हा तुकडा, जो माझ्या एकूण मिळकतीच्या एक तृतीयांशाच्या, म्हणजे मृत्युपत्राने देता येते त्या मर्यादेच्या, आत बसतो (मूल्यांकन सोबत जोडले आहे), मी बीर लहमर गावास दफनभूमी म्हणून देत आहे. नगरपालिकेची परवानगीही जोडली आहे. दफनभूमीवर कोणाला हॉल बांधता येणार नाही; माझ्याखेरीज दुसरी कबर मात्र तिथे खणू नये.

आठवे आणि शेवटचे. नुसता कागद पुरणार नाही, हे मी जाणतो. मी नकाशे कचेरीत दिले, ते फायलीत झोपले. पत्र्याची पाटी लावली, तिचे कोणीतरी कोंबड्यांना खुराडे केले. तोंडावर लोखंडी जाळी बसवली, ती भंगारवाल्याकडून मी दोनदा परत आणली. तेव्हा खाणवाल्यांना आपल्यापेक्षा माणसे जास्त कळत होती, असे मला कबूल करावे लागते.

मला गावच्या दफनभूमीत पुरू नये. ऊनैसाला तेव्हा तिच्या आजोबांशेजारी ठेवले. आज ठेवले नसते, पण आता तिला हलवू नये. तिच्या दुसऱ्या बाजूची जागा मन्नूबियाची आहे. मला खाणीच्या तोंडाच्या पूर्वेला, लाल खुणेने दाखवलेल्या भक्कम खडकात ठेवावे. टाक्याच्या काठाचे दगड काढून, मन्नूबियाला सिमेंटचा नवा काठ करून द्यावा आणि त्या जुन्या दगडांचा घुमट माझ्यावर आणि तोंडावर मिळून एकच चढवावा. जाळी आतच राहू द्यावी. चुन्याची बाजू या वेळी आत घालू नये. नासिफ दगड चढवील. दर ईदच्या आधी चुना फासावा. हिरवे फडके मन्नूबिया बांधील.

मन्नूबियाला मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "बायका नवस बोलायला येतील तुझ्याकडे."

"येऊ देत."

"जिवंतपणी कोणाचं ऐकलं नाहीस, मेल्यावर काय ऐकणार आहेस?"

नंतर ती आत जाऊन कपाट उघडून कापड शोधत बसली.

इमाम शेख अब्देलहफीध यांनाही वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "कबर ठीक आहे, बुरावी. घुमट नको. तुझ्या वडिलांनी तेवढं एक योग्य केलं होतं." मी त्यांना जाळीपाशी नेले आणि एक दगड आत सोडायला दिला. आवाज यायला किती वेळ लागतो ते त्यांनी ऐकले.

घुमटावर पाटी लावू नये. माझे नाव, बापाचे नाव, साल, काहीही कोरू नये. नाव वाचले की लोक म्हणतील, हा तर पंपवाला, आणि दुसऱ्या वर्षी दगड हलतील. कोणी विचारले आत कोण आहे, तर माहीत नाही म्हणावे. बीर लहमरच्या बायकांना मी वीस वर्षे सांगत आलो की घुमटांच्या खाली कोणी नसते. या एकाच्या खाली असेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, तपासला आणि समजून सही केली.

बुरावी बिन खमैस जरीबी

साक्षीदार:

१. नासिफ बिन सालह, पंप दुरुस्ती, हवारिया. (आकडा मी सरळ केला आहे.)

२. अब्देलहफीध बिन तय्यब, इमाम, बीर लहमर. (घुमट बांधणे आजही मला मान्य नाही. पण मी पाडू देणार नाही.)

बीर लहमर, २१ सप्टेंबर २०१७