उशिजिमाकाकांच्या पट्ट्याचं बक्कल

कुमामोतो,
५ नोव्हेंबर १९७४

प्रिय तेइजीदादा,

हिसानोचा नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? सोबत मोहरी भरलेली कमळकाकडी पाठवतेय. वाटेत वास सुटला तर फुकुओकाच्या पोस्टमनचे शिव्याशाप तुझ्या नावावर. इकडे सगळं ठीक. किल्ला बघायला येणाऱ्या बसगाड्या शनिवार-रविवारी दुकानासमोरच थांबतात. तलवारीच्या मुठीपुढच्या चकतीच्या, म्हणजे आपल्या त्सुबेच्या आकाराच्या टायपिना, किल्ल्यांच्या साखळ्या, बाटल्यांची बुचं काढायच्या चाव्या हातोहात जातात. यंदा कपाखाली ठेवायच्या चकत्याही काढल्यात. तू नाक मुरडशील म्हणून तुला पाठवलेल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात उशिजिमाकाका दुकानात आले होते. तीस वर्षं ट्राम चालवलेले, तुमच्या त्सुबा पारखणाऱ्या मंडळात बावीस वर्षं सर्वांत मागच्या उशीवर बसणारे तेच. आले ते टोपीसुद्धा न काढता स्टुलावर बसले. मग जांभळा रुमाल सोडून आतली लोखंडी त्सुबा माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "याचं पट्ट्याचं बक्कल करून दे."

ऑक्टोबरच्या बैठकीत काय झालं ते मला अर्धंच माहीत होतं, कारण मी नेहमीप्रमाणे तुझ्या घरी आत कप विसळत होते. उरलेलं त्यांनी सांगितलं. नेहमीसारख्या नाव न सांगता त्सुबा कापडावर मांडल्या होत्या. सगळ्यांनी मुकाट्याने पाहून कुणाचं काम ते चिठ्ठीवर लिहायचं आणि ओळख बरोबर असली तर तू त्यावर लाल शाईने 'लागली' लिहायचं, चुकली तर 'नाही'. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदाच आपल्या आजोबांची त्सुबा रांगेत ठेवली. तू बाबांची ठेवली होतीस. दोन्हींवर पंख पसरलेला तोच करकोचा, तसाच कोरून आरपार काढलेला. अकरापैकी पाच जणांनी दोन्ही एकाच जुन्या उस्तादाच्या म्हणून लिहिलं.

तेव्हा तू दोन्ही शेजारी ठेवून म्हणालास, की आपली निःसंशय खरी, हिच्या कोरीव भोकांच्या आतल्या भिंती सरळ उभ्या आहेत. काकांच्या त्सुबेच्या भिंती आत कललेल्या आहेत, हत्यार घसरलंय, गंजही नवा आहे. वर आणखी, "असल्या वस्तू माझ्या बहिणीच्या दुकानात शोभतील." त्यावर सगळे हसले. ते हसणं मात्र मला आतपर्यंत नीट ऐकू आलं होतं.

काकांनी तुझा शब्द खाली पडू दिला नाही. म्हणाले, तुझ्या दादाने जागा दाखवली, तिथे घेऊन आलो. दोन भोकं पाडायची आणि मागे आकडा बसवायचा. "रोज सकाळी पट्टा बांधताना आठवेल, चाळीस वर्षं आपण कशाची पूजा केली ते." हसत बोलत होते, पण रुमालाची घडी त्यांना घालता येईना. मी सोळा तारखेचा वायदा करून वस्तू ठेवून घेतली.

दादा, एकदा पुन्हा बघ ना रे. मी भिंगाखाली धरून पाहिली. भिंती कललेल्या आहेत हे खरं, पण सगळीकडे एकसारख्या कललेल्या आहेत. हत्यार घसरलं तर एकदा घसरेल, दोनदा घसरेल. करकोच्याच्या प्रत्येक पिसात तितकंच कसं घसरेल? मी पडले खेळणीवाली, मला काय कळतं म्हणा. पण सतरा तारखेच्या बैठकीला संग्रहालयाची माणसं बाबांची त्सुबा न्यायला येणार आहेत, त्याआधी दहा मिनिटं काढ. लोखंडाला एकदा भोक पडलं की ते पुन्हा बुजत नाही.

वहिनींना गुडघ्याला ऊब द्यायला सांग.

तुझी,
हिसानो


कुमामोतो,
१० नोव्हेंबर १९७४

दादा,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. वस्तू नवी आहे, पुन्हा पाहण्याची गरज नाही, कमळकाकडी पोचली. वहिनींच्या गुडघ्याला चौथी ओळ मिळाली नाही.

शुक्रवारी उशिजिमाकाका चौकशीला आले होते. मी सांगितलं की ड्रिलचं पातं मोडलंय, ओसाकाहून नवं यायचंय. साफ खोटं. खणात अकरा पाती आहेत. काका म्हणाले, घाई नाही, आता मला रविवारी कुठे जायचं नसतं. हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाहीये.

आता लिहितेय ते तेवीस वर्षं पोटात ठेवलेलं आहे. दार लावून वाच.

१९५१ चा डिसेंबर. तू तोक्योला नोकरीवर होतास. बाबा दोन वर्षं क्षयाच्या इस्पितळात. नवीन वर्षाला चार दिवस घरी सोडणार असं त्यांचं पत्र आलं आणि आईने वर्षअखेरची साफसफाई काढली. तुला आई ठाऊकच आहे. हात घातला की छपराची कौलंसुद्धा पुसून काढायची. बाबा घरात असताना त्यांच्या पेट्यांना तिने कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी उघडल्या. ती आमाकुसाच्या कोळ्यांची लेक, तिला लोखंडावरचा गंज म्हणजे गंज. नवरा आजारी पडला तर घरातल्या वस्तूही गंजल्या, असं तिच्या मनाला लागलं असणार. काथ्याचा कुंचा आणि भांड्यांची पूड घेऊन तिने सबंध दुपार ती त्सुबा घासली. मी कारखान्यातून आले तर ती खिडकीशी उजेडात धरून उभी. "बघ हिसा, कशी लखलखतेय."

इतकी खूश मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती. माझा चेहरा बघूनच तिला सगळं समजलं. मग ती मोरीत जाऊन बसली ती उठेचना.

ज्या रंगावर त्सुबेचं मोल ठरतं, तो चारशे वर्षांचा गंज आईने घालवला. पण लोखंड शाबूत होतं, हे मी तुला आवर्जून सांगते. त्सुबेचा घात मी केला. एकोणीस वर्षांची होते, जडावकाम शिकायला लागून दुसरं वर्ष. लोखंडावर गंज चढवणं हे आमचं रोजचंच काम, तेव्हा वाटलं चार दिवसांत आणते पूर्वीचा रंग. घाईत मसाला जहाल केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून बघते तर देवीचे व्रण असावेत तसे अंगभर खड्डे.

घरात सगळ्यांना ताप आहे, येऊ नका, असं आम्ही बाबांना कळवलं. ते मार्चमध्ये आले. तोवर मी कारखान्यात नवी त्सुबा कोरली होती. बाबांनीच कधीतरी कागदावर शाईचा ठसा घेऊन ठेवला होता, तो समोर ठेवून. या वेळी गंज सावकाश चढवला, दोन महिने. बाबांनी ती पेटीतून काढली, कडेला धरून खिडकीशी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, घरी आल्यासारखं वाटलं. त्याच पावसाळ्यात ते गेले.

ठशात तोंड दिसतं रे दादा, आतलं दिसत नाही. भोकांच्या आतल्या भिंती मूळच्या कशा होत्या ते मी कधी निरखलंच नव्हतं. मग कोरताना सरळ उभ्या ठेवल्या, शिकाऊ पोर करेल तशा. खराब झालेली मूळची माझ्याकडे चहाच्या डब्यात आहे. शुक्रवारी काका गेल्यावर बाहेर काढली. खड्डे वरवर आहेत, आतल्या भिंती वाचल्यात. त्या कललेल्या आहेत. काकांच्या त्सुबेच्या कलतात तशाच, तितक्याच.

बाबांच्या तेराव्या वर्षाच्या विधीनंतर तू पेटीच्या झाकणावर उस्तादाचं नाव घालून 'निःसंशय' असं लिहिलंस. शाई मी घोटून दिली होती. घोटताना गप्प राहिले, तो गुन्हा माझा. मी फसवलं, तू फसलास. सतराला सगळ्यांसमोर असंच सांग, सगळं माझ्या माथी मार, मी हूं की चूं करणार नाही. पण त्या म्हाताऱ्याची वस्तू खरी आहे, एवढं तुझ्या तोंडून येऊ दे.

उत्तर लवकर दे. वाट बघतेय.

हिसानो


कुमामोतो,
१४ नोव्हेंबर १९७४

दादा,

काल तुझा फोन आला तेव्हा दुकानात सहलीचं अख्खं टोळकं होतं, म्हणून मी नुसतं हो हो करत राहिले. ते हो धरू नकोस.

पत्र टाकल्यापासून तीन दिवस मी तुझ्या ओरडण्याची तयारी करत होते. मरेपर्यंत तोंड दाखवू नकोस म्हणशील असं वाटलं होतं. तू ओरडलाच नाहीस. कशी कोरलीस, विचारलं नाहीस. मूळची कुठल्या डब्यात आहे, कशी दिसते, एका शब्दाने नाही. तू पंधरा वर्षांचा होतास तेव्हा त्या त्सुबेजवळ मी शिंकले म्हणून माझ्या मुस्काटात भडकावली होतीस, आठवतं? तो तू काल मला म्हणालास, "शनिवारपर्यंत बक्कल करून दे. भोक पडलेली वस्तू पुन्हा तपासायला कोणी हातात घेत नाही. झाकली मूठ झाकलेली राहू दे."

फोन ठेवल्यावर गिऱ्हाइकाची साखळी कागदात गुंडाळत होते. तेव्हा उमगलं. तुला माहीत होतं.

दहा वर्षांचा असल्यापासून बाबांची त्सुबा तुझ्या हातात. अख्ख्या क्युशूत तुझ्या नजरेचं नाव घेतात, आणि एका शिकाऊ पोरीचं काम तुला ओळखू आलं नाही? मी किती बावळट, इतकी वर्षं तू फसलास असं समजून तुझीच कीव करत होते. झाकणावर लिहिलंस तेव्हाच तुला माहीत होतं. तेव्हा आई होती. तिच्यासाठी केलं असशील तर मी तुला जमिनीला डोकं टेकवून नमस्कार करेन, कारण मीही तेच केलं होतं. पण आईला जाऊन नऊ वर्षं झाली, दादा. ऑक्टोबरमध्ये काकांची त्सुबा पाहिल्याबरोबर तू ओळखलं असशील, की आपल्या घरातून गेली ती ही अशी होती. आणि ओळखून तिला खोटी म्हणालास, वर चारचौघांत त्या माणसाचं हसं केलंस. तेव्हा कुणाला वाचवत होतास?

मी काही धुतल्या तांदळाची नाही. तू जन्मभर मला खेळणीवाली म्हणालास. आणि मी कोरलेल्या एका वस्तूपुढे तुमचं मंडळ श्वास रोखून बसायचं, तू तिला उस्तादाचं नाव दिलंस, ते मी कप विसळता विसळता ऐकायचे आणि मनात हसायचे. मला त्याचा माज होता. आईच्या नावाखाली गप्प राहिले, पण खरं कारण तेही होतं.

आज सकाळी उशिजिमाकाकांच्या घरी गेले. त्यांची त्सुबा आणि चहाचा डबा दोन्ही पुढे ठेवलं आणि आईचं नि माझं सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल अक्षर बोलले नाही, पण ते काही कुक्कुलं बाळ नाहीत. खड्डे पडलेली आणि त्यांची, दोन्ही शेजारी धरून ते कितीतरी वेळ आतल्या भिंती बघत होते. मी चटईला डोकं लावून होते. मग म्हणाले, "तुझ्या आईचं नाव मंडळात काढू नकोस. तिने घर साफ केलं, एवढंच." मी तसा शब्द दिला आणि परक्याच्या घरात ओक्साबोक्शी रडले.

काका रविवारी येणार नाहीत. पुन्हा तिथे बसायचं त्यांच्या जिवावर येतं. पण त्सुबा त्यांनी माझ्याकडे दिली आहे. भोक पाडायला नव्हे.

तर मी येतेय, आणि या वेळी चहा द्यायला नाही. कापडावर तू बाबांची ठेवशील, तिच्या एका बाजूला मी काकांची ठेवेन आणि दुसऱ्या बाजूला डब्यातली. मग इतरांसारखी मीही चिठ्ठी टाकणार. बाईने चिठ्ठी टाकू नये असं तुमच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही, मी चिटणिसांना विचारून घेतलं. ऐनवेळी कात्रीत पकडलं असं नको व्हायला, म्हणून चिठ्ठीत काय असेल ते आजच कळवते. काकांच्या त्सुबेपुढे उस्तादाचं नाव. डब्यातल्या त्सुबेपुढे तेच नाव. आणि मधल्या त्सुबेपुढे: कामेई हिसानो, १९५२.

संग्रहालयाची माणसं बसलेली असतील. तू लाल शाईने काय लिहायचं ते तुझ्या हातात आहे. 'लागली' लिहिलंस, तर मी एवढंच सांगेन की काम शिकत असताना मूळ वस्तू माझ्या हातून बिघडली. तुला कधीपासून माहीत होतं, ते मी विचारणार नाही, दुसऱ्या कोणाला विचारू देणार नाही. 'नाही' लिहिलंस, तर मला पहिल्यापासून सांगावं लागेल. कुंचा, पूड, खिडकी, सगळं. मग काकांना दिलेला शब्द मोडेल आणि त्या पुरुषांच्या घोळक्यात आईचं हसं होईल. ते माझ्यामुळे झालं असं म्हणू नकोस.

रविवारी सकाळी दहाला.

तुझी बहीण, आणि बाबांच्या त्सुबेची कारागीर,
हिसानो