उपरण्याखालचा भाव

आबा, आज कांदा चिरता चिरता मोबाइलवर आपल्या देवळ्याच्या बाजारातला भाव वाचला. माझ्याकडे विकायला कांदा नाही; नाशिक रोडच्या या घरात दोन खोल्या आणि मी. तरी रोज वाचते. ऐकायला कुणी नाही, म्हणून या कागदावर तुम्हाला सांगते.

तुम्ही आडते, शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे. उपरण्याखाली व्यापाऱ्याचा हात धरायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा, आणि ज्याचा कांदा तो बाजूला नुसता उभा. घरी भाकर खाऊन झाली की तुम्ही मलाही ती बोटं शिकवायचात. केवढा मान वाटायचा मला! मग सरकारचा नियम आला, बोली उघड करा, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. तुम्ही हसलात. "भाव म्हंजी काय वरात हाय, वाजतगाजत न्यायला?" आणि गोदामामागं उपरणं चालूच राहिलं.

एके दिवशी मी तुमचा डबा घेऊन बाजारात येते. एक म्हातारा स्वतःच्याच ढिगापाशी उभा. मला, सातवीतल्या पोरीला विचारतो, "माय, माझा कांदा केवढ्याला गेला गं?" तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. सगळे एका सुरात म्हणाले, "तसलं इथं काय नाय, साहेब." साहेब परत निघाले, आणि मी फाटकाशी त्यांना गाठून गोदामामागची वाट दाखवली.

तुमचा परवाना हंगामभर बंद झाला. तुम्ही संशय घेतलात तो मापारी काकांवर, तुमच्यासोबत एका ताटात जेवणाऱ्या तोलणाऱ्यावर. भर बाजारात त्यांना "घरभेद्या" म्हणालात आणि मरेपर्यंत त्यांच्या हातचा चहा घेतला नाहीत.

शाळा सातवीतच सुटली, पण वाचत राहिले. बाजार आपोआप नीट चालतो म्हणतात. एकाच्याच डोळ्यांवर पट्टी असेल तर ती आंधळी कोशिंबीर झाली, बाजार कसला? कायद्यानं सगळं सुधारलं असंही नाही. व्यापारी आता टपरीवर चहा पिताना आधीच ठरवून येतात म्हणे. तरी ज्याचा माल त्याला आकडा ऐकू येतो.

तुमच्या दहाव्याला काका आपल्या घराच्या फाटकाशीच थांबले होते. मी चहा नेला. म्हणाले, "पोरी, तुला मी तवाच पाहिलं व्हतं साहेबासंगं. ऱ्हाऊ दे आता." त्यांनी एवढी वर्षं ते बोल पोटात घातले, माझ्यासाठी. आता तेही नाहीत.

म्हाताऱ्यासाठी वाट दाखवली, त्याची खंत नाही, आबा. काका आपल्या दारावरून मान खाली घालून जायचे तेव्हा मी उंबऱ्यात गप्प बसून राहायची, त्याची आहे. हा कागद तुमच्या उपरण्याच्याच घडीत ठेवते. दुसऱ्यांना उघड बोलायला लावलं मी, आणि माझं अजून झाकलेलंच.