मोठी बोट की लहान बोट

६ नोव्हेंबर

प्रिय मिरे,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, कारण विशेष काही नाही, असंच लिहिणार होते. पण तू पडलीस मुद्रितशोधक, पहिल्याच ओळीतली थाप तुला चष्म्याशिवायही दिसेल. तेव्हा कारण आहे. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला निम्म्यात तोडतेस.

मी समुद्रसफरीला जाणार आहे. क्रूझ म्हणतात ती. बसलीस का खाली? मग पुढे वाच.

तुझा दादा असता तर मला वेड्यात काढलं असतं. पाण्याशी त्याचं कायमचं वाकडं. बागेतल्या तळ्यात एकदा होडीत बसवलं, तर काठाला लागेपर्यंत माझं मनगट सोडलं नाही पठ्ठ्याने. मला मात्र लहानपणापासून वाटायचं, की चारी बाजूंनी पाणीच पाणी असं एकदा तरी बघावं. आता साठी उलटली. दुकानातल्या चेनी आणि बटणं काही पळून जात नाहीत. हाताखालची बाई दुकान सांभाळते म्हणाली आहे, आणि ती माझ्यापेक्षा गोड बोलते, त्यामुळे गिऱ्हाईक खूशच होईल.

दोन बोटी नजरेत आहेत. दोघींची माहितीपत्रकं कापड बेतायच्या टेबलावर पसरलेली असतात. काल एका साहेबांची पँट मी मोठ्या बोटीच्या पोहण्याच्या तलावावर ठेवून मापली.

मोठी बोट म्हणजे तरंगतं गावच आहे. मजल्यावर मजले, नाटकगृह, दुकानं. लिफ्ट तर इतक्या, की एखाद्याने नकाशावर मोजायला घेतल्या तर जेवायचंही भान राहायचं नाही. लहान बोटीला एकच लिफ्ट, तीही जुन्या बनावटीची, पण दणकट असं कळलं. मोठीवर जेवायला कुठेही बसा, कोणी कोणाला ओळखत नाही. लहानीवर रोज त्याच टेबलाशी त्याच माणसांबरोबर बसायचं. कप्तान स्वतः येऊन विचारपूस करतो म्हणे. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी नाव काय, करता काय, एकमेकांचे कोण, सगळं बाहेर येणार. कोणी सांगितलंय!

विमानाचंही त्रांगडं आहे. सरळ जाणारं विमान बोट सुटायच्या दिवशीच सकाळी पोचतं. मध्ये उतरून जाणारं आदल्या दिवशी पोचवतं, पण वाटेत विमानतळावर बसून बूड दुखेल इतका वेळ. तिकीट कार्यालयातली मुलगी म्हणाली, "काकू, विमान उशिरा आलं तर बोट कोणासाठी थांबत नाही, आदल्या दिवशीच जा." पोरगी शहाणी आहे. बंदरावर उतरून गाव बघायचं असेल तरी बोटीवाल्यांच्याच सहलीने जायचं म्हणे. त्यांची बस अडकली तर ते थांबतात. आपण आपले हिंडायला गेलो आणि उशीर झाला, तर धक्क्यावर उभं राहून रुमाल हलवायचा.

एका बंदरात दीपगृह बघायचं आहे, पण त्याच्या पायऱ्या गुडघ्याला झेपायच्या नाहीत. त्यापेक्षा काचेच्या तळाच्या होडीतून मासे बघू.

राहता राहिली वाइन. लहान बोटीवर रात्रीच्या जेवणाबरोबर एक पेला धरलेलाच असतो. मोठीवर वेगळी योजना घ्यावी लागते, आणि नियम असा विचित्र, की एका केबिनमधल्या एकाने घेतली तर दुसऱ्यालाही घ्यावीच लागते. मला मेलीला काय करायची ती! औषधासारखी लागत असणार. पण लाल वाइन हृदयाला बरी असते, असं ऐकते.

एकटी जाणार म्हणून घाबरू नकोस. ओळखीचं एक माणूस सोबत आहे, चांगलं आहे. एकंदरीत आम्ही दोघं मोठ्या बोटीकडे झुकलो आहोत. महिनाअखेरपर्यंत केबिन धरून ठेवली आहे. तुझं मत कळव. तुझी कंबर कशी आहे? खुर्चीत उशी घेत जा.

तुझी,
वहिनी


११ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

कंबर आहे तशीच आहे. उशी घेते.

पत्र वाचलं. सवयीने लाल पेन हातात होतं, म्हणून चुका कळवते. "माहितीपत्रक" शब्द बरोबर लिहिलास, अभिनंदन. बाकी अशा.

तुझे गुडघे ठणठणीत आहेत. गेल्या उन्हाळ्यात टेकडीवर तू माझ्यापुढे चालत होतीस आणि वर पोचून मलाच हसत होतीस. तेव्हा दीपगृह कोणाच्या गुडघ्याला झेपत नाही, ते स्पष्ट लिहायला हवं होतं.

जुन्या बनावटीची लिफ्ट दणकट असते, हे शिलाईच्या दुकानात कळत नाही.

"ओळखीचं एक माणूस, चांगलं आहे." माणूस नपुंसकलिंगी लिहिलं म्हणजे झाकलं जातं, हा तुझा गैरसमज आहे. आणि झाकलंस तर नीट झाकायचं होतं. खाली लगेच "आम्ही दोघं" लिहून मोकळी झालीस. मैत्रीण असती तर "आम्ही दोघी" आलं असतं. तू इतकी वर्षं मराठी बोलतेस, त्या जागी हात चुकून घसरत नाही.

छापखान्यात असं काही दिसलं की मी समासात प्रश्नचिन्ह काढते आणि लेखकाला विचारते. तसंच विचारते आहे. चूक असेल तर "दोघी" करून पाठव. नसेल तर नीट सगळं लिही. मला वळसे आवडत नाहीत, तुला माहीत आहे.

मिरी


१५ नोव्हेंबर

प्रिय मिरे,

खाली "तुझी" लिहिलं नाहीस. मी पत्र उलटंसुलटं करून बघितलं, पाठीमागे कुठे राहिलं असेल म्हणून.

चूक नाही. दोघंच आहोत.

आता वळसा न घेता सांगते. आमच्या इमारतीची लिफ्ट बघायला येतात ते गृहस्थ. आता निवृत्त झाले, पण लिफ्ट दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही म्हणून यांनाच बोलावतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही, आपल्याकडे नाही तसंच. अंगाने उंच, बोलायला सावकाश, आणि उजवा गुडघा कुरकुरतो. बरोबर पकडलंस.

मागच्या वर्षी मी कपडे चढवायचा पुतळा घेऊन वर चालले होते आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दिवाही गेला. वरून आवाज आला, "बाई, घाबरू नका."

मी म्हटलं, "घाबरतंय कोण? एका मुलीचा झगा संध्याकाळी द्यायचा आहे, त्याची पट्टी राहिली आहे."

"मग शिवा की."

"अंधारात? बोटं शिवू का?"

मग वरच्या फटीतून दोरीला बांधलेली विजेरी हळूहळू खाली आली आणि बरोबर माझ्या हातांवर उजेड पडेल अशी थांबली. मी पुतळ्याला टेकून खाली बसले आणि पट्टी शिवून टाकली. ते वर काम करत होते, मी खाली. मध्ये मध्ये विचारत होते, "उजेड पुरतो ना?" मिरे, तुझा दादा गेल्यापासून मला असं कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग पँटी आखूड करायला घेऊन यायला लागले. पहिली खरंच लांब होती. दुसरीही चालून गेली. पुढच्या पँटी घोट्याच्या वर जायला लागल्या, तेव्हा मीच म्हटलं, "अहो, आता चड्ड्या होतील. नुसता चहा प्यायला या." क्रूझचं त्यांनीच काढलं. म्हणाले, "आयुष्यभर वर-खाली केलं, आता जरा आडवं जाऊन बघू." मी इतकी हसले, की हाताखालची बाई आतून बघायला आली.

आणि वाइन औषधासारखी लागत नाही. चाखली आहे. घे, तेही कबूल.

जायच्या आधी कचेरीत जाऊन लग्नाची सही करायची, असं त्यांचं म्हणणं आहे. मी हो म्हटलं आहे. तुला परवानगी विचारत नाही मी, खोटं कशाला लिहू? मी जाणार आहे आणि सहीही करणार आहे. मला हे हवं आहे, मिरे. सकाळी उठल्यावर कोणाला तरी "झोप लागली का" म्हणून विचारावंसं वाटतं.

पण तुला सांगताना हात का अडत होता, तेही ऐक. मला भाऊबहीण नाही, हे तुला माहीत आहे. या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालून दारात उभी होतीस आणि मला बघून म्हणालीस, "ही वहिनी बरी दिसते." तुझ्या परीक्षांना मी जागले. तुझा दादा आजारी पडला तेव्हा आपण दोघींनी पाळीपाळीने त्याच्या उशाशी बसून दिवस काढले. तो गेला तरी तू वहिनी म्हणत राहिलीस, म्हणून मी त्या घरची राहिले. आता दुसऱ्याची बायको झाले की मी तुझी कोण? तुझ्या दादाकडूनच तर तू मला मिळालीस. तो धागा मीच कापते आहे का? कात्री घेऊन जन्म काढला मी, चुकीचं कापलं की परत जोडता येत नाही हे मला कळतं.

म्हणून मोठी बोट. तिथे कोणी विचारणार नाही, की तुम्ही एकमेकांचे कोण आणि आधी कोणाच्या कोण होतात. त्यांना लहानच आवडली आहे. मी हट्टाने मोठी धरली आणि त्यांना कारण सांगितलं नाही.

रागव. भांड. पण लिही. काय म्हणून सही करावी ते कळत नाही, म्हणून नुसतंच

तुझी


२० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पत्र आलं त्या दिवशी मी रागावले. दुसऱ्या दिवशीही रागावलेलीच होते. छापखान्यात एका लेखकाचे तीन परिच्छेद विनाकारण लाल केले, आता त्याची माफी मागावी लागेल.

राग लग्नाचा नाही. जिने मला न्हाऊमाखू घातलं, तिने मला "ओळखीचं एक माणूस" म्हणून गुंडाळावं, याचा राग आला. आणि दादाची आठवण आली. खूप रडले. तू त्याला मागे टाकून निघालीस असं वाटलं, तेही लिहून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. मग आठवलं, तो गेला त्या आठवड्यात मी काही खात नव्हते. तू स्वतःचे डोळे पुसून माझ्यापुढे ताट ठेवलंस आणि म्हणालीस, "रडायचं आहे ना, मग जेवून रड, दमशील." अशी बाई कोणाला मागे टाकत नसते.

आता कामाचं. लहान बोट घ्या. लोक विचारतील म्हणून मोठ्या बोटीत लपायला जातेस? तू गर्दीत तोंड लपवून जेवणारी नाहीस. तुला टेबलाशी चार माणसं लागतात आणि त्यांची सगळी बित्तंबातमी लागते. कप्तान विचारेल तर विचारू दे. तो बिचारा कंटाळेल इतकं सांग त्याला. शिवाय एकच लिफ्ट आणि तीही जुनी, म्हणजे ती बिघडली तर तुमच्याकडे माणूस आहे.

विमान आदल्या दिवशी पोचणारंच. विमानतळावर बसायला उशी ने. मला सांगत असतेस ना! काचेच्या होडीत जाऊ दे त्यांना, पण दीपगृहाच्या थोड्या पायऱ्या तू चढ, आणि वरून त्यांना हात कर. वाइनचा तुझा पेलाही तूच पी. उगीच "घ्या हो तुम्ही" करत बसू नकोस.

मी पुढच्या आठवड्यात येते आहे. सहीला साक्षीदार लागतात आणि तुझ्या बाजूने दुसरं कोणी उभं राहिलेलं मला चालणार नाही. तिथे साक्षीदाराला नातं विचारतात म्हणे. वधूची नणंद असं सांगितलं, तर कारकून पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसेल. बघू दे.

त्यावरून एक अडचण निघाली. त्यांना मी काय म्हणून हाक मारायची? लिफ्टवाले म्हणणं बरं नाही. काका म्हणावं तर तू काकू होशील, ते मी होऊ देणार नाही. कामावर बसून मोठा कोश काढला, नात्यांचे सगळे शब्द बघितले. मावशीच्या नवऱ्याला शब्द आहे, आत्याच्या नवऱ्याला आहे, बहिणीच्या नवऱ्याला आहे. वहिनीच्या नवऱ्याला मात्र आपल्या भाषेत एकच शब्द आहे, दुसरा कोणी केलेलाच नाही. आणि तुला वहिनी म्हणणं मी सोडणार नाही.

तेव्हा त्यांना सांगून ठेव, मी पायऱ्यांनी येणार नाही, लिफ्ट चालू ठेवा.

तुझी नणंद, आणि नाइलाजाने त्यांची बहीण,
मिरी