ओढ्यापलीकडची झोपडी

कार्ल्सरूहे, ९ मार्च १९५८

प्रिय सुलेखा,

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या शाळेत, तुमच्या मुख्याध्यापिका लतिकाबाईंच्या नावे पाठवतो आहे. घरी आलेलं टपाल अण्णा थोरल्या भावाच्या हक्कानं आधी फोडतो. वाचून झालं की फाडून टाक.

माझी तब्येत बरी आहे. इथल्या होखशूलेत, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात, शेवटची परीक्षा तेवढी उरली. थंडी ओसरली, पण दारावरची घंटा वाजली की अजून वाटतं, पोलीस आले. परवा परदेशी लोकांच्या कचेरीतला माणूस फक्त पासपोर्टाची मुदत बघायला आला होता, तर मी मागच्या दारानं बाहेर पडायला निघालो, तेव्हा घरमालकीण फ्राउ लांग यांनी मला अडवून खुर्चीत बसवलं. काय झालं म्हणून विचारलं, आणि मी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. तुला सांगायचं मात्र राहूनच गेलं.

सरकारनं ओढ्याच्या दोन्ही अंगांचं जंगल लागवडीला दिलं, तेव्हा केवढा हुरूप होता आपल्याला! अण्णानं अलीकडची जमीन घेतली आणि गावाहून बांधलेले गडी आणले. आज्यानं घेतलेल्या उचलीपायी नातू राबतोय, असे ते गडी. पलीकडे श्रीरंग मास्तरांनी वस्ती केली आणि जाहीरच करून टाकलं, ओढा ओलांडून येईल तो माणूस मोकळा. मग कुंपणं तुटली, गंजी पेटल्या, मास्तरांचे बैल विष घालून मारले. अण्णा गड्यांना गोठ्यात कुलूप घालू लागला. ते कुलूप तू उघडलंस, आणि त्या गड्यांतला झिबल बायकोला घेऊन पलीकडे गेला. हे तू फक्त माझ्याजवळ बोललीस.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी अण्णा सहा माणसं घेऊन ओढ्यात उतरला. मी सोबत होतो, सुलेखा. नुसता दम द्यायचाय, म्हणाला. मी बैलगाडीपाशी थांबलो. त्यांनी झिबलच्या झोपडीला बाहेरून कडी घातली आणि छपराला आग लावली. मागचा कूड फोडून झिबलनं बायकोला बाहेर ढकललं. तो स्वतः निघू शकला नाही. त्याच्या हाका मी ऐकल्या. "भास्करदादा, कडी काढ," एवढंच तो ओरडत होता. फटीतून त्याला मी दिसत असणार. मी हललो नाही. पंचनाम्यात चुलीची ठिणगी उडाली असं लिहिलं गेलं आणि खाली माझी सही आहे. तीन महिन्यांनी अण्णानं मला हार घालून बोटीवर बसवलं.

फ्राउ लांगनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, युद्धात त्यांच्या भावाच्या शेतावर एक पोलिश माणूस सक्तीनं राबायला आणला होता. तो पळाला, पकडला गेला, त्यांच्या अंगणातून ओढत नेला. "मी खिडकी लावून घेतली. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या, आणि बटाटे सोलायला बसल्या.

झिबलच्या बायकोनं खटला पुन्हा उभा केला आहे. मास्तरांनी कळवलं, २१ एप्रिलची तारीख आहे. मी जबानी लिहिली आहे. गडी कुलपात होते हे सांगायचं, तर कुलूप उघडलं गेलं हेही लिहावंच लागलं. तुझं नाव कुठेही नाही, पण किल्ली कुणाच्या हाती लागू शकते, हे अण्णाला कुणाला विचारावं लागणार नाही. म्हणून हे पत्र. मिळताच मालिनीमावशीकडे नागपूरला जा. घरी सामान घ्यायला जाऊ नकोस, शाळेतूनच नीघ. कोर्टात नुसता कागद पुरत नाही म्हणतात, तेव्हा परीक्षा सोडून मीही जेनोवाहून बोट धरणार आहे. मला फार भीती वाटते. स्वतःपेक्षा तुझ्यासाठी जास्त. नागपूरला उतरलीस की 'पोचले' एवढीच तार कर. ती येईपर्यंत जबानी माझ्या कोटाच्या खिशात राहील.

तुझाच,
भास्करदादा