वीसपर्यंत कळवायचंय

४ डिसेंबर
झालं! यांना हैदराबादच्या औषध कंपनीतून बोलावणं आलं. केमिस्ट म्हणून, बाराही महिने काम. एक जानेवारीला हजर व्हायचं, आणि होकार-नकार वीसपर्यंत कळवायचा. "तुझ्यावर हाय सगळं. तू न्हाई म्हणलीस तर विषय बंद," म्हणाले. लग्नाला सोळा वर्षं झाली, असं पहिल्यांदाच विचारलं. 

५ डिसेंबर
वहीत मधोमध रेघ मारली.
फायदे — यांच्या साखर कारखान्याचा सीझन संपला की हे सात महिने घरात, नुसती चिडचिड. ती संपेल. कंपनीचं क्वार्टर. नळाला रोज पाणी!
तोटे — माझी शाळेतली नोकरी, बारा वर्षांनी कुठं कायम झालीय. आत्याबाई निलंग्याकडं गावी एकट्या. सासू असून आईसारखं बघितलं त्यांनी. आणि आमची लेक, ज्ञानेश्वरी.

९ डिसेंबर
ज्ञानू नववीत. डॉक्टर व्हायचं डोक्यात पक्कं. आज शाळेत गुरुपादप्पा सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून नसेल तर इथल्या कोट्यातली मेडिकलची सीट विसरा, म्हणाले. अख्खा महाराष्ट्र पोरं घेऊन लातूरला येतोय, आणि आम्ही लातुरातून पोर घेऊन बाहेर! घरी सांगितलं, तर यांचं उत्तर तयार — तिकडं काय कॉलेजं न्हाईत का? त्यांचा आवाज चढला, मग माझाही. ज्ञानू ताटावरून उठून गेली.

१२ डिसेंबर
अबोला.

१५ डिसेंबर
जरा नरमलेत. पुन्हा तेच, तू म्हणशील ते. हेच तर पेलत नाही मला. नाही म्हणावं तर जन्मभर माझ्या नावानं खडे फोडतील, हो म्हणावं तर पोरीचं नुकसान माझ्या हातून. राग येतो. पण खरं सांगायचं तर, विचारलं याचं बरंही वाटतं. बारावी होईपर्यंत मी आणि ज्ञानू इथं, हे तिकडं — असंही मनात येतं. बोलायचं धाडस होत नाही.

१९ डिसेंबर
येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. गावी शेतात गेलो. पूजेसाठी कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील, सगळं आत्याबाईंनी उरकून ठेवलेलं. ज्यांना शेत नाही असे ओळखीचे लोक आज आमच्याकडं जेवायला येतात, त्यांना सतरंजीवर बसवायचं आणि वाढायचं मी. दरवर्षीचंच. पदर खोचला, तर आत्याबाईंनी हातातलं पातेलं काढून घेतलं आणि मलाच सतरंजीवर बसवलं.
"बस. औंदा तू पाव्हणी."
मला काही कळेना. काळजी करू नको म्हणाल्या, त्यांच्या सोबतीला शेजारची बसम्मा यायची आहे झोपायला. पोरगं मागच्या आमुशालाच सांगून गेलं, हो कळवून टाकलं म्हणून.
मागची अमावस्या. म्हणजे मला विचारायच्या दोन आठवडे आधी!
हे तिकडं ज्वारीच्या कडेनं आंबील शिंपत फिरत होते. मी भज्जीची वाटी मागं सारली. पाहुणी म्हणून आग्रह करकरून वाढत होत्या त्या.

२० डिसेंबर
सकाळी चहा देताना यांना म्हटलं, तुम्ही जावा. ज्ञानूची बारावी होस्तोर आम्ही दोघी इथंच.
"अगं, पण मला विचारायचं तरी —"
"विचारत न्हाई," म्हटलं, "कळवायलेय."