उपचाराला अडचण काय?

तुझ्या बापाला खाटेवरून हलता येत नाही आणि तुला तिथून. दोघांच्या मधे लंगडतेय मी.

बाळा, आशीर्वाद. नातवंडांनाही.

साखरेनं माझी टाच चिघळलीय. डॉक्टर म्हणतात, रोज येऊन पट्टी बदला, नाहीतर पाय काढावा लागेल. दवाखान्यात एक पोरगी आम्हा जुनाट दुखणेकऱ्यांची पाहणी करत होती.

"आजी, रोज यायला अडचण काय? लांब पडतं?"

म्हटलं, "अडचण घरात आडवी पडलीय. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी घेत नाही. शेजारणीला बसवलं, तर तिच्यावर थुंकला."

"घरचं दुसरं कोणी?"

"मुलगा आहे. लहानपणी बापाच्याच ताटात जेवायचा."

"मग अडचण कसली?"

मी तिला तुझा नंबर दिला आणि म्हटलं, "त्यालाच विचार."

हे पत्र काही तुला पोचायचं नाही, टपालपेटीपर्यंत पाय नेत नाही. पण तिचा फोन येईल. तो सूनबाईच्या हातात कोंबू नकोस. ती परक्याची लेक, तिला यात ओढायचं नाही. उत्तर तूच द्यायचं.

तुझी थकलेली,
आई